ट्रॅव्हल ट्रेलरचे इलेक्ट्रिक ब्रेक: चाक खोलण्याआधी मीटर लावा

दीड टनाचा ट्रॅव्हल ट्रेलर, म्हणजे गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर, मागे घेऊन खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ट्रेलरचे ब्रेक लागत नसतील, तर सगळं वजन गाडीच्या ब्रेकवर येतं. डिस्क तापतात, पेडल मऊ लागायला लागतं आणि वळणावर ट्रेलर गाडीचा मागचा भाग बाहेर ढकलतो. कसारा घाटातही तेच, मुंबई-गोवा रस्त्यावरच्या कशेडीतही तेच. त्यामुळे मुंबईतून ट्रेलर बाहेर काढणाऱ्या प्रत्येकाला आपले ब्रेक स्वतः तपासता आले पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

इलेक्ट्रिक ब्रेक ही मुळात अमेरिका आणि ऑस्ट्रेलियाची पद्धत. युरोपातल्या कॅराव्हॅनना बहुतेक करून ओव्हररन ब्रेक असतात, म्हणजे ट्रेलर पुढे ढकलला गेला की त्या धक्क्यानेच ब्रेक लागतात. त्यामुळे इथल्या नेहमीच्या गॅरेजवाल्याने इलेक्ट्रिक ब्रेक फारसे हाताळलेले नसतात. ट्रेलर नेला की तो सवयीने चाकं खोलतो, मॅग्नेट बदलायला सांगतो. मॅग्नेट बाहेरून मागवावे लागतात, त्यात महिना जातो, आणि नवे बसवल्यावरही ब्रेक तसेच ढिले. कारण दोष बऱ्याचदा तारेत किंवा अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणाऱ्या वाटेत असतो. म्हणून आधी वीज मोजा, मग ड्रमला हात लावा. आणि वीज मोजायची ती ब्रेक करंट ओढत असताना.

ब्रेक चालतो कसा

प्रत्येक चाकाच्या ड्रममध्ये एक इलेक्ट्रोमॅग्नेट असतो. गाडीतल्या ब्रेक कंट्रोलरने त्याला करंट दिला की तो ड्रमच्या आतल्या सपाट पोलादी पृष्ठभागाला चिकटू पाहतो. या पृष्ठभागाला आर्मेचर म्हणतात. ड्रम फिरत असल्यामुळे मॅग्नेट त्याच्याबरोबर थोडा ओढला जातो, ज्या दांड्यावर तो बसलेला आहे तो दांडा फिरतो आणि ब्रेक शू ड्रमवर दाबले जातात. म्हणजे शू दाबायची ताकद फिरत्या चाकातूनच येते, मॅग्नेट फक्त सुरुवात करून देतो. चाक थांबलेलं असताना ब्रेक दिला तर बारीक गुणगुण ऐकू येईल, पण शू दाबले जाणार नाहीत. उभ्या ट्रेलरवर आवाज आला म्हणजे ब्रेक चांगले, असं समजू नका.

मॅग्नेटला दोन तारा असतात आणि दोन्ही सारख्याच. कुठलीही एक कंट्रोलरकडून येणाऱ्या तारेला, दुसरी अर्थला. उलटसुलट जोडल्याने काही बिघडत नाही.

हाताशी काय हवं

एक डिजिटल मल्टिमीटर आणि एक डीसी क्लॅम्प मीटर. लॅमिंग्टन रोडवर क्लॅम्प मीटर विकत घेताना ‘डीसी अँपिअर’ मोजतो का हे दुकानात बॅटरीवर लावून बघा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प फक्त एसी मोजतात आणि ट्रेलरवर शून्यच दाखवत बसतात. मल्टिमीटरच्या १० अँपिअरच्या भोकातून चार चाकांचा करंट मोजायला जाऊ नका. तो दहाच्या वर जातो, फ्यूज उडतो, आणि ज्या मीटरला त्या भोकावर फ्यूजच नाही तो जळतो.

याशिवाय हेडलाइटचा एक जुना पण चालू एच-४ बल्ब तारा जोडून, चार-पाच मीटर लांब एक सुटी तार दोन्ही टोकांना क्लिप लावून, जॅक, ट्रेलरच्या चासीखाली लावायचे स्टँड, चाकांसाठी लाकडी ठोकळे, नवे ऑइल सील, ग्रीस आणि मास्क. जमलं तर लांबून तापमान मोजणारी इन्फ्रारेड गन घ्या, ती शेवटी फार उपयोगी पडते.

जागा सपाट हवी. जॅक चासीला लावायचा, अ‍ॅक्सलच्या नळीला नाही. नळी किंचित वाकली तरी चाकांची दिशा बिघडते आणि टायर एका बाजूने झिजायला लागतात.

पहिलं काम: दोष गाडीत की ट्रेलरमध्ये

ट्रेलर गाडीपासून सुटला तर आपोआप ब्रेक लागावेत म्हणून पुढच्या बाजूला ब्रेकअवे स्विच असतो. त्याची पिन ओढली की ट्रेलरवरची छोटी बॅटरी थेट सगळ्या मॅग्नेटना करंट देते. यात गाडीचा, कंट्रोलरचा काहीच संबंध येत नाही. त्यामुळे दोष कुठल्या अर्ध्यात आहे हे ठरवायला यासारखी सोपी चाचणी नाही.

गाडीचा प्लग काढून ठेवा, कारण प्लग लावलेला असताना पिन ओढली तर उलटा करंट कंट्रोलरमध्ये जाऊ शकतो. बॅटरीचा व्होल्टेज मोजा. विश्रांतीत असलेली भरलेली बॅटरी साधारण १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ म्हणजे निम्मी उतरलेली. मग एक चाक जॅकवर उचला, मदतनिसाला ते हाताने पुढच्या दिशेला फिरवायला सांगा आणि पिन ओढा. चाक जागच्या जागी अडकलं पाहिजे. पिन परत घाला, मग दुसरं चाक घ्या. सगळी चाकं होईपर्यंत पिन बाहेर ठेवू नका. बॅटरी उतरते आणि मॅग्नेट विनाकारण तापतात.

सगळी चाकं नीट अडकली, तर ट्रेलरवरचे मॅग्नेट आणि तारा बहुतेक ठीक आहेत, दोष गाडी, सॉकेट किंवा प्लगमध्ये शोधा. एकही अडकलं नाही, तर बॅटरी, स्विच किंवा ट्रेलरचं मुख्य अर्थिंग. एखादंच अडकत नसेल तर त्या चाकापर्यंतची तार किंवा ते चाक.

बॅटरी उतरलेली निघाली तर नवी मिळायला त्रास नाही. घरच्या यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट, ७ अँपिअर-अवरची बंद लेड-अ‍ॅसिड बॅटरी बहुतेक ट्रेलरना चालते. अमेरिकेत सुटलेल्या ट्रेलरचे ब्रेक किमान १५ मिनिटं लागलेले राहावेत अशी अट आहे. तीच कसोटी आपणही धरावी. पिनची दोरी गाडीच्या चासीला बांधा. ट्रेलर ज्या गोळ्यावर अडकतो त्या टो बॉलला किंवा सुरक्षा साखळीला बांधली तर हिच, म्हणजे गाडी-ट्रेलरचा जोड, तुटण्याच्या प्रसंगी ती त्यांच्याबरोबरच जाईल आणि पिन निघणारच नाही.

गाडीच्या सॉकेटवर

अमेरिकन पद्धतीच्या वायरिंगमध्ये ब्रेकची तार निळी आणि अर्थची पांढरी. ऑस्ट्रेलियन सात पिनच्या सॉकेटमध्ये ब्रेक पाचव्या पिनवर, अर्थ तिसऱ्या पिनवर. युरोपीय मांडणीत मात्र पाचव्या पिनवर उजव्या बाजूचा टेल लॅम्प असतो. गाडीचा सॉकेट युरोपीय पद्धतीने जोडलेला आणि ट्रेलर ऑस्ट्रेलियन असेल, तर संध्याकाळी दिवे लावले की ट्रेलरचे ब्रेक लागतात आणि दिवे बंद करेपर्यंत सुटत नाहीत. ‘दिवसा ट्रेलर छान चालतो, रात्री जड होतो’ अशी तक्रार असेल तर आधी इथे बघा. स्थानिक वायरमनने काम केलं असेल तर तारेच्या रंगावर अजिबात विसंबू नका, प्रत्येक पिन मीटरने ओळखा.

कंट्रोलरवर ब्रेकची ताकद ठरवायचा जो आकडा असतो, त्याला गेन म्हणतात. तो पूर्ण वर न्या, मदतनिसाला कंट्रोलरवरचा हाताने चालवायचा लिव्हर पूर्ण दाबून धरायला सांगा. लिव्हर अर्धवट दाबला तर कंट्रोलर करंट तुकड्यातुकड्यांनी सोडतो आणि मीटरवरचा आकडा नाचत राहतो. आता सॉकेटच्या ब्रेक पिन आणि सॉकेटच्याच अर्थ पिनमध्ये मोजा. मीटरची काळी तार बंपरच्या बोल्टला लावू नका. आपल्याला अर्थ पिनचीही परीक्षा घ्यायची आहे.

मीटरने १२ व्होल्ट दाखवले की ऑटो इलेक्ट्रिशियन हमखास म्हणतो, “साहेब, करंट येतोय बरोबर, तुमचे मॅग्नेटच गेलेत.” इथेच बहुतेकांची फसगत होते. मीटर स्वतः जवळजवळ काहीच करंट घेत नाही. शंभरातला एकच तंतू शाबूत राहिलेल्या तारेतूनही तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवेल. इमारतीच्या गच्चीवरची टाकी काठोकाठ भरलेली असते, पण पाइप गंजून आतून बुजला असेल तर नळाला करंगळीएवढीच धार येते, तसं हे आहे.

म्हणून एच-४ बल्ब त्या दोन पिनांमध्ये जोडा. ५५ वॉटचा तंतू साधारण साडेचार अँपिअर घेतो, दोन्ही तंतू एकत्र जोडले तर साडेनऊच्या आसपास, म्हणजे दोन-तीन मॅग्नेटची ओढ. बल्ब पेटलेला असताना पुन्हा मोजा. आकडा ११.५ च्या वर टिकला तर गाडीची बाजू चांगली. ९ किंवा ८ वर कोसळला तर बॅटरीपासून सॉकेटपर्यंत कुठेतरी बारीक तार, सैल थिंबल (तारेच्या टोकाला दाबून बसवायचा धातूचा तुकडा) किंवा गंजलेली पिन आहे. बल्बचा काचेचा भाग लगेच तापतो, कापडावर ठेवू नका.

सॉकेटवर काहीच येत नसेल तर कंट्रोलरच्या मागे जा. तिथे चार तारा असतात: बॅटरीकडून येणारी, अर्थची, ट्रेलरकडे जाणारी आणि ब्रेक लाइटच्या स्विचकडून येणारी. हाताच्या लिव्हरने ब्रेक लागतो पण पेडल दाबून लागत नाही, तर चौथी तार तपासा. पेडल दाबल्यावर तिच्यात १२ व्होल्ट यायला हवेत. लिव्हरनेही लागत नसेल तर बॅटरीकडच्या तारेतला फ्यूज किंवा ब्रेकर बघा. दोन चाकांच्या ब्रेकसाठी २० अँपिअरचा, चार चाकांसाठी ३० अँपिअरचा असतो.

अँपिअर सांगतात ते ऐका

ट्रेलर जोडा, प्लग लावा. ट्रेलरच्या पुढच्या बाजूला, चाकांकडच्या तारा जिथे फुटतात त्या जंक्शन बॉक्सच्या थोडं पुढे, फक्त ब्रेकच्या तारेभोवती डीसी क्लॅम्प अडकवा. सगळ्या केबलभोवती अडकवला तर जाणारा आणि येणारा करंट एकमेकांना खोडतात आणि आकडा शून्य येतो. क्लॅम्प आधी शून्यावर आणा, मग लिव्हर पूर्ण दाबा.

१० इंची आणि १२ इंची ब्रेकचा मॅग्नेट साधारण ३.२ ओहमचा असतो. इंजिन बंद असताना प्रत्येक मॅग्नेटमागे ३ ते पावणेचार अँपिअर येतात. म्हणजे दोन चाकांना ६ ते साडेसात, चार चाकांना १२ ते १५. इंजिन चालू असेल तर थोडे जास्त. सात इंची छोट्या ब्रेकचे मॅग्नेट ३.९ ओहमचे, त्यांचा करंट कमी.

चार चाकांच्या ट्रेलरवर आकडा ९ च्या आसपास आला तर एक मॅग्नेट पूर्ण तुटलेला असण्याची शक्यता मोठी. ६ आला तर दोन, आणि ते बहुतेक एकाच अ‍ॅक्सलवरचे, कारण त्यांचा जोड एकच असतो. शून्य म्हणजे मुख्य तार किंवा मुख्य अर्थ तुटलेला. १८-२० च्या वर गेला किंवा ब्रेकर पडला तर कुठेतरी शॉर्ट. अशा वेळी एकेका चाकाची जोडणी सोडवत जा. जे चाक सोडवल्यावर करंट ताळ्यावर येतो, दोष त्या चाकात किंवा त्याच्या तारेत.

सगळ्यात फसवा आकडा म्हणजे दहा-अकरा. थोडा कमी, पण अगदीच वाईट नाही, असं वाटून लोक पुढे जातात. तसं जाऊ नका. चार मॅग्नेट मिळून फक्त ०.८ ओहमचा भार असतो. वाटेतल्या एखाद्या जोडाने ०.३ ओहमचा अडथळा आणला, तर १२ पैकी सव्वातीन व्होल्ट तो एकटा जोड खातो आणि मॅग्नेटपर्यंत पावणेनऊ पोचतात. साध्या मीटरवर ०.३ ओहम डोळ्यांतून सहज सुटतो, घाटात मात्र तो लगेच जाणवतो.

लिव्हर दाबलेला असताना मदतनिसाला तारा हलवायला सांगा, प्लग डावी-उजवीकडे दाबायला सांगा. क्लॅम्पवरचा आकडा दचकला की जागा सापडली. कधी लागतात, कधी लागत नाहीत, अशा ब्रेकसाठी दुसरा उपाय नाही.

कुठलं चाक

क्लॅम्पने संशय दाखवला की एकेका चाकाकडे वळा. गाडीचा प्लग काढा, ब्रेकअवेची पिन आत असल्याची खात्री करा. मल्टिमीटरच्या दोन्ही सळ्या एकमेकींना टेकवून मीटरच्या स्वतःच्या तारांचा ओहम बघून घ्या, तो प्रत्येक मोजणीतून वजा करायचा आहे. चाकामागे जिथे मॅग्नेटच्या तारा जोडलेल्या असतात तो जोड सोडवा आणि दोन तारांमध्ये मोजा. तीन-सव्वातीन आला तर वेटोळं ठीक. दोनच्या खाली आला तर आत शॉर्ट. काहीच दाखवलं नाही तर तार तुटलेली. मग एक सळी तारेला, दुसरी ब्रेकच्या बॅकप्लेटच्या, म्हणजे ड्रममागच्या धातूच्या प्लेटच्या, घासून चकचकीत केलेल्या जागी लावा. इथे मीटरने काहीही दाखवता कामा नये. दाखवलं, तर वेटोळ्याचं आवरण खरवडलं गेलं आहे आणि करंट बॉडीत उतरतोय. तो मॅग्नेट बदलायचा, आणि त्याच अ‍ॅक्सलच्या दुसऱ्या चाकाचाही बदलायचा, नाहीतर ब्रेक एका बाजूला ओढतील.

मीटर जवळ नसेल तर होकायंत्र चालतं. लिव्हर दाबलेला असताना चाकाच्या आतल्या बाजूजवळ नेलं की सुई झटकन वळते. मॅग्नेट जिवंत आहे एवढं कळतं, तो किती जोरात ओढतो ते कळत नाही.

दोन अ‍ॅक्सलच्या ट्रेलरमध्ये एक जागा आवर्जून बघा. बऱ्याच उत्पादकांकडे डाव्या चाकाकडून उजव्या चाकाकडे जाणारी तार अ‍ॅक्सलच्या पोकळ नळीतून नेलेली असते. नळीत ती मोकळी हलते, धातूवर घासते आणि काही वर्षांत आवरण जातं. उभा असताना सगळं ठीक, खड्ड्यात चाक गेलं की शॉर्ट. सायन-पनवेल रस्त्यावर गाडी हलली की कंट्रोलर ओरडतो आणि घरी आल्यावर दोष सापडत नाही, तो हा. मला विचाराल तर ती तार नळीतून काढून टाकावी आणि नळीच्या वरून, चिवट लवचीक पाइपात घालून, दर वीतभर अंतरावर बांधून न्यावी.

अर्थिंग आणि खारी हवा

मुंबईत माझा पहिला संशय नेहमी अर्थवर असतो. मढ, मनोरी, उरण किंवा अलिबागजवळ ट्रेलर ठेवत असाल तर तुमचाही असू द्या. समुद्राच्या हवेतलं मीठ आणि पावसाळ्यातला ओलावा मिळून तांब्याच्या तारेवर कळंक चढतो. वरून टेप गुंडाळलेला जोड छान दिसतो, आत हिरवी भुकटी असते. शिवाय बऱ्याच ट्रेलरवर मॅग्नेटची अर्थची तार जवळच्या चासीला स्क्रूने आवळलेली असते, आणि तो स्क्रू रंगावर बसलेला असतो.

मोजायचं असं. लांब सुट्या तारेचं एक टोक सॉकेटच्या अर्थ पिनला आणि दुसरं मीटरच्या काळ्या तारेला लावा. लाल सळी चाकामागे मॅग्नेटच्या अर्थ तारेत टोचा. लिव्हर पूर्ण दाबा. आदर्श आकडा शून्य. अर्ध्या व्होल्टपर्यंत मी चालवून घेतो. त्याहून जास्त आला तर तेवढे व्होल्ट अर्थच्या वाटेत वाया जातात. मग सळी एकेक जोड मागे सरकवत या. जिथे आकडा एकदम घसरतो, त्या दोन जागांच्या मधला जोड वाईट.

दुरुस्ती एकदाच आणि नीट करा. चासीवर अवलंबून राहू नका, प्रत्येक चाकापासून जंक्शन बॉक्सपर्यंत स्वतंत्र अर्थची तार ओढा. चार चाकांच्या ट्रेलरला मुख्य तार किमान ४ स्क्वेअर एमएमची हवी, लांब ट्रेलर असेल तर ६ ची. लोहार चाळीत ही तार मीटरवर मिळते. शक्य असेल तर कथिलाचा मुलामा असलेली घ्या, ती खाऱ्या हवेत जास्त टिकते. जोडाला योग्य मापाचं थिंबल चांगल्या क्रिम्पिंगच्या पकडीने दाबा आणि आतून चिकट द्रव असलेली श्रिंक स्लीव्ह गरम करून बसवा. तार न सोलता चिमटून जोडायचे प्लास्टिकचे निळे कनेक्टर ट्रेलरखाली वापरू नका. त्यांत पाणी शिरतंच. प्लगच्या पिना बारीक पॉलिश पेपरने घासून त्यांवर पेट्रोलियम जेलीचा पातळ हात द्या.

आता ड्रम उघडा

वीज पुरेशी पोचते आणि तरीही चाक नीट अडकत नाही, तेव्हाच ही वेळ येते. ड्रमच्या मध्यावरची टोपी काढा, फाटा पिन सरळ करून ओढा, नट आणि बाहेरचं बेअरिंग काढून ड्रम बाहेर घ्या. आतली भुकटी फुंकू नका आणि कंप्रेसरची हवा मारू नका. जुन्या लायनरमध्ये, म्हणजे शूवरच्या घासणाऱ्या थरात, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. मास्क लावा, ओल्या फडक्याने पुसा.

आधी ग्रीस बघा. लायनरवर किंवा मॅग्नेटवर ग्रीस आलं असेल तर आतलं ऑइल सील गेलेलं आहे. अ‍ॅक्सलच्या टोकाला ग्रीसगन लावायची सोय असलेल्या ट्रेलरमध्ये उत्साहाने जास्त ग्रीस भरलं की ते सील ओलांडून थेट ब्रेकमध्ये जातं. ग्रीस लागलेले लायनर पेट्रोलने धुऊन परत वापरू नका. ते मुरलेलं असतं, तापलं की पुन्हा वर येतं. त्या अ‍ॅक्सलच्या दोन्ही चाकांचे शू बदला. लायनर १.६ मिलिमीटरपर्यंत झिजला असेल तरीही बदला.

मॅग्नेटच्या तोंडावर पोलादी पट्टी आडवी धरा. पृष्ठभाग सपाट हवा. एका बाजूने तिरका झिजला असेल तर ज्या दांड्यावर तो बसतो त्याचं भोक ढिलं झालं आहे. वेटोळ्याची तांब्याची तार दिसायला लागली तर मॅग्नेट संपला. आर्मेचरवर खोल ओरखडे असतील तर ड्रम लेथवर फिरवून घ्या, पण मग मॅग्नेटही नवे घाला. जुना मॅग्नेट जुन्याच खाचांना जुळलेला असतो. ड्रमवर कमाल व्यास कोरलेला असतो, त्यापुढे लेथवाल्याला कापू देऊ नका. १० इंची ड्रमसाठी ही मर्यादा साधारण १०.०९ इंच.

दोन्ही शूंमध्ये आखूड लायनरवाला शू ट्रेलरच्या पुढच्या दिशेला असला पाहिजे. ब्रेकचे संच डावे आणि उजवे वेगळे असतात, पूर्वी कोणी अदलाबदल करून बसवले असतील तर सगळं नवं असूनही ब्रेक ढिले राहतात.

बेअरिंग नागदेवी स्ट्रीटला सहज मिळतात. अमेरिकन ३,५०० पौंडी, म्हणजे सुमारे १,५८८ किलोच्या अ‍ॅक्सलला बहुधा आत एल ६८१४९ आणि बाहेर एल ४४६४९ असतं, तरी जुन्यावरचा क्रमांक वाचूनच घ्या. ड्रम परत बसवताना सील नवं. ड्रम फिरवत नट पाना लावून आवळा, मग पूर्ण सैल करा, मग फक्त बोटांनी लागेल तेवढा आवळा आणि नवी फाटा पिन घाला. इथे पाना परत लावला तर बेअरिंग तापून जाईल.

शू जवळ आणणं

वीज ठीक असेल तर ‘ब्रेक कमी लागतात’ याचं उत्तर बऱ्याचदा इथेच मिळतं, आणि खर्च शून्य. बॅकप्लेटच्या खालच्या बाजूला रबरी बूच असतं. ते काढून चपट्या स्क्रूड्रायव्हरने आतली दातेरी चकती फिरवा, चाक हाताने जेमतेम फिरेपर्यंत. मग उलटी फिरवत चला, चाक मोकळं फिरावं पण शू ड्रमला हलकेच घासल्याचा आवाज यावा. दोन्ही बाजूंना सारखं. नव्या शूनंतर पहिल्या ३०० किलोमीटरनंतर आणि पुढे साधारण दर ५,००० किलोमीटरला हे करायचं. पुढे चालताना आपोआप जुळणारे ब्रेक असतील तर त्यांना याची गरज पडत नाही.

रस्त्यावर

नवे शू आणि मॅग्नेट पहिल्या दिवशी पूर्ण पकड देत नाहीत, त्यांना बसू द्यावं लागतं. मोकळ्या, कोरड्या, सपाट रस्त्यावर, मागे कोणी नसताना, ताशी ६५ च्या वेगावरून फक्त हाताच्या लिव्हरने ३०-३५ वर या. मग ब्रेक थंड होऊ द्या. असं वीस ते पन्नास वेळा. रविवारची पहाट त्यासाठी बरी.

गेन ठरवायला भिवंडीकडच्या एखाद्या गोदामाचं मोठं आवार मालकाच्या परवानगीने मिळालं तर उत्तम. ट्रेलर प्रवासाला जातो तसा भरलेला हवा, पाण्याच्या टाकीसकट. ताशी ४० वर लिव्हर पूर्ण दाबा आणि गेन एकेक पायरीने वाढवा. चाकं घसरायला लागली की एक पायरी मागे. टाकी रिकामी करून परतणार असाल तर परतीआधी गेन पुन्हा बघा. हलका ट्रेलर त्याच आकड्यावर चाकं लॉक करतो, आणि पावसात ते धोक्याचं.

ब्रेक एका बाजूला ओढत असतील तर त्या बाजूचा दोष समजू नका. उजवीकडे ओढत असेल तर बहुधा डावा कमी लागतोय. लावल्यावर दचके बसत असतील तर ड्रम गोल राहिलेला नाही किंवा गेन जास्त आहे. सोडल्यावरही चाक घासत असेल तर आधी प्लग काढून बघा. घासणं थांबलं तर करंट गळतोय, नाही थांबलं तर स्प्रिंग किंवा शू अडकलाय.

खरी परीक्षा घाटात. खंडाळ्याहून खालच्या गिअरमध्ये उतरा, ब्रेक सतत दाबून न ठेवता थोडा-थोडा वापरा. खाली सपाटीवर आल्यावर खालापूरच्या बाजूला फूड मॉलच्या पार्किंगमध्ये थांबा, एक्स्प्रेस-वेच्या कडेला नाही, आणि इन्फ्रारेड गनने चारही ड्रमचं तापमान घ्या. आकडे एकमेकांच्या जवळपास हवेत. एक ड्रम थंड असेल तर ते चाक काम करत नाही. एक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर तो सुटत नाही किंवा त्याचं बेअरिंग जातंय, आणि तसा ट्रेलर पुढे न्यायचा नाही. हात लावून बघू नका, चटका बसेल.

मुंबईत जून ते सप्टेंबर दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि बहुतेक ट्रेलर तेव्हा उभेच असतात. त्या काळात आर्मेचरवर गंज चढतो आणि कधी शू ड्रमला चिकटून बसतात. महिन्यातून एकदा ट्रेलर आवारातल्या आवारात दोन-चार मीटर पुढे-मागे हलवा, हलताना लिव्हर दाबा, ब्रेकअवेची बॅटरी चार्ज करा. चाकं पाण्यात बुडाली असतील तर गणपतीनंतरच्या पहिल्या सहलीआधी ड्रम उघडून बेअरिंगमधलं ग्रीस बदला. पाणी शिरलेलं ग्रीस दुधाळ दिसतं. आणि उभ्या ट्रेलरला हँडब्रेक म्हणून ब्रेकअवेची पिन ओढून ठेवू नका, चाकांना ठोकळे लावा.